एलएससीएफ कॅथोडवरचं क्रोमियम येतं कुठून: सोलापूरच्या लॅबमधल्या कामाच्या नोंदी

लहान कॉलेजच्या लॅबमध्ये सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलच्या सिरॅमिकवर काम करणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवतेय. हा इंधनापासून थेट वीज करणारा, खूप तापवून चालवायचा सिरॅमिकचा सेल. असे सेल एकमेकांना जोडायला पोलादी पत्रा लागतो, आणि पत्र्यातून उडणारं क्रोमियम कॅथोडवर, म्हणजे हवेकडच्या थरावर, बसून तो बिघडवतं. काम सुरुवातीला साधं ठरलं होतं. बाजारात सहज मिळणाऱ्या एसएस ४३० या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा (या दोन धातूंच्या ऑक्साइडचा) लेप दिला, तर पत्र्यातून निघणारं क्रोमियम कॅथोडपर्यंत पोचायचं थांबतं का, एवढंच बघायचं होतं. पण पत्रा आत ठेवायच्या आधीच क्रोमियम आमच्या सेटअपमध्ये हजर होतं आणि ते शोधण्यात सगळा पावसाळा गेला. म्हणून नोंदींचा मोठा भाग त्या शोधाचाच आहे.

१४ मे २०२४

पहिले सिमेट्रिक सेल, म्हणजे दोन्ही अंगांना सारखाच कॅथोड असलेले, तयार झाले. मधली चकती जीडीसीची, म्हणजे गॅडोलिनियम घातलेल्या सिरियाची (सिरियम ऑक्साइडची), १४०० अंशांवर सहा तास भाजलेली. दोन्ही अंगांना कॅथोडचं ऑक्साइड, एलएससीएफ: लॅन्थॅनम ०.६, स्ट्रॉन्शियम ०.४, कोबाल्ट ०.२, लोह ०.८. पावडर सायट्रेट पद्धतीने लॅबमध्येच केली. पेस्टसाठी टर्पिनिऑल आणि इथाइल सेल्युलोज. छपाईची जाळी टॉवेलवर छापणाऱ्या एका कारखान्यातून मिळाली. उरलेला तुकडा त्यांनीच लाकडी फ्रेमवर ताणून दिला, दोनशे रुपयांत. विकतच्या स्क्रीनला साडेतीन हजार सांगितले होते. छपाईनंतर १०५० अंशांवर दोन तास.

सेटअप: उभी ट्यूब फर्नेस, आत अॅल्युमिनाची नळी. हवा फिश टँकच्या पंपाने. ती आत नेणारी एसएस ३१६ ची नळी सेलच्या दोन इंच वर येऊन संपते. इन्कोनेलच्या आवरणातलं के टाइप थर्मोकपल सेलला लागून. सेल धरून ठेवायला नायक्रोमची तार, विजेच्या जोडणीला चांदीची तार.

७०० अंशांवर पोलरायझेशन रेझिस्टन्स (कॅथोडवरच्या क्रियेला होणारा रोध, कमी तितका बरा) ०.४ ओहम चौरस सेंटिमीटर. शंभर तासांनंतर ०.४३. बाहेर ४२ अंश, लॅबमध्ये पंख्याखालीही बसवत नाही, पण सेल स्थिर आहे. बेसलाइन झाली असं धरून पुढची तयारी सुरू केली.

३ जुलै

त्याच घाण्यातला दुसरा सेल, तोच सेटअप, तेच तापमान. ०.४१ पासून सुरू झाला आणि शंभर तासांनी ०.८८ वर गेला. आत पत्रा नाही, लेप नाही, काहीच नवीन नाही.

इम्पिडन्सच्या, म्हणजे एसी विजेला होणाऱ्या रोधाच्या, मोजणीतून नायक्विस्ट आलेख निघतो. त्यातला उजवीकडचा कंस, म्हणजे कॅथोडचा भाग, रोज फुगत गेला. डावीकडचा छेद, म्हणजे चकती आणि तारांचा ओहमिक भाग, जागचा हलला नाही. कॅथोड सुटला असता किंवा तारेची पकड ढिली झाली असती तर हा छेदही सरकला असता. म्हणजे बिघाड कॅथोडच्या पृष्ठभागावर आहे, जिथे ऑक्सिजन आत शिरतो तिथे.

सेल बाहेर काढून भिंगाखाली धरला. हवेच्या नळीकडची कड काळीकुळीत राहिलेली नव्हती. तिच्यावर हिरवट-पिवळी झाक होती, साधारण नखाएवढ्या जागेत. पलीकडची कड स्वच्छ. स्ट्रॉन्शियम क्रोमेट पिवळं असतं. डोक्यात पहिल्यांदा क्रोमियम आलं ते इथे.

११ जुलै

ईडीएसचा, म्हणजे क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. नमुने बाहेरगावी पाठवले होते, नमुन्यामागे बाराशे रुपये. वापरलेल्या सेलवर क्रोमियम दाखवलंय. अडचण अशी की कधीच न तापवलेल्या, डबीतून थेट पाठवलेल्या सेलवरही जवळपास तेवढंच दाखवलंय.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथे फसतात. क्रोमियमची मुख्य क्ष-किरण रेषा ५.४१ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला येते. लॅन्थॅनमची एक रेषा ५.३८ ला आहे. सिरियमच्या रेषा ५.२६ आणि ५.६१ ला. ईडीएसचा डिटेक्टर यांना नीट वेगळं करू शकत नाही, एकमेकांत मिसळलेला उंचवटा दिसतो. मग सॉफ्टवेअर त्याला वाटेल ते नाव देतं आणि टक्केवारीही छापून देतं. लॅन्थॅनमच्या कॅथोडवर, तेही सिरियाच्या चकतीवर, थोडं क्रोमियम ईडीएसने शोधणं बिनभरवशाचं. मँगनीज असलेल्या एलएसएम या दुसऱ्या कॅथोडवर काम करणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे: क्रोमियमची दुसरी रेषा मँगनीजच्या मुख्य रेषेखाली दडते. रिपोर्टमध्ये क्रोमियम आहे किंवा नाही यावर जाऊ नका. कच्चा स्पेक्ट्रम मागा आणि शेजारी न वापरलेल्या सेलचा ठेवून बघा. डब्ल्यूडीएसची (क्ष-किरण तरंगलांबीवरून वेगळे करणाऱ्या तपासणीची) सोय असेल तर ती घ्या, तिच्यात या रेषा वेगळ्या दिसतात. आम्हाला ती मिळाली नाही.

१८ जुलै

काल आषाढीची सुट्टी होती. आज एक्सआरडी (स्फटिक ओळखायची क्ष-किरण तपासणी) हातात आलं. एलएससीएफचा मुख्य पीक ३२.७ अंशांना, जीडीसीचा २८.५ ला, दोन्ही जागेवर. वापरलेल्या सेलमध्ये २८.५ च्या डावीकडे, २७ च्या थोडं पुढे, एक बारीक टेकाड आहे. स्ट्रॉन्शियम क्रोमेटचा ठळक पीक तिथेच येतो. पण ते इतकं बारीक आहे की फक्त त्याच्यावर मी बोट ठेवणार नाही. पिवळा डाग सगळ्या चकतीच्या मानाने चिमूटभर. एक्सआरडीला तेवढं कमीच पडतं.

२२ जुलै

उत्तर अखेर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मिळालं, तेही बीएस्सीला शिकवतात त्या चाचणीतून.

डायफिनाइल कार्बाझाइड हा सहा संयुजेच्या क्रोमियमचा जुना आणि खात्रीचा अभिकारक. कपाटातली बाटली तपकिरी पडलेली होती. पोटॅशियम डायक्रोमेटच्या ओळखीच्या द्रावणालाही तिने रंग दिला नाही, म्हणून फेकली आणि नवीन मागवली. अॅसिटोनमध्ये ताजं द्रावण करायचं, गडद बाटलीत ठेवायचं आणि रंगहीन असेल तोवरच वापरायचं.

सेल गरम डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ठेवला. स्ट्रॉन्शियम क्रोमेट पाण्यात थोडं विरघळतं, तेवढं पुरतं. पाणी गाळून घेतलं. आम्लासाठी सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक घेतलं, कारण सल्फ्युरिकने स्ट्रॉन्शियम सल्फेट खाली बसून द्रावण गढूळ होतं आणि कलरीमीटर चुकतो. मग अभिकारकाचे थेंब. पहिली काही सेकंदं काही नाही. मग परीक्षानळीच्या तोंडाशी गुलाबी रेघ आली, हलवल्यावर ती पसरली आणि दोनेक मिनिटांत सगळं पाणी जांभळट गुलाबी झालं. शेजारच्या नळीत न वापरलेल्या सेलचं पाणी होतं. ते पाण्यासारखंच राहिलं.

ईडीएसला जे सांगता आलं नाही ते काही रुपयांच्या अभिकारकाने सांगितलं. कलरीमीटर ५४० नॅनोमीटरवर लावून आकडाही मिळतो.

हवेच्या नळीचं ३१६ स्टील, थर्मोकपलचं इन्कोनेल आणि नायक्रोमची तार, तिन्हींत क्रोमियम असतं. मग ओल्या फिल्टर पेपरने सेटअपचे सगळे भाग पुसले आणि प्रत्येक कागदाची तीच चाचणी केली. थर्मोकपलच्या आवरणाला रंग जवळजवळ नाही. पोलादी नळीला किंचित. सगळ्यात गडद रंग आला तो अॅल्युमिना नळीच्या खालच्या थंड टोकाचा, जिथून हवा बाहेर पडते आणि जिथे धातूचा एकही तुकडा नाही.

हे उलटं वाटतं, पण बरोबर आहे. गरम धातूवर बसलेला क्रोमियाचा (क्रोमियम ऑक्साइडचा) थर तीन संयुजेचा असतो, तो या चाचणीला उत्तर देत नाही. त्या थरातून पाण्याच्या वाफेशी मिळून क्रोमियम ऑक्सिहायड्रॉक्साइडची वाफ उठते, ती सहा संयुजेची. ती हवेबरोबर वाहत जाते, वाटेत स्ट्रॉन्शियम भेटलं तर तिथे बसते, उरलेली थंड जागा मिळेपर्यंत पुढे जाते. म्हणजे क्रोमियम सेलला लागून ठेवलेलं असायला हवं असं मुळीच नाही. हवेच्या वाटेवर वरच्या अंगाला कुठेही गरम क्रोमियम असलं की पुरे.

सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सर करतं. पिवळा डाग कोरडा खरवडू नका. हातमोजे, मास्क आणि ओला कागद.

२९ जुलै

कुठल्या भागातून किती क्रोमियम येतं हे मोजायचं ठरवलं. स्वीडनच्या चामर्स विद्यापीठातल्या संशोधकांची एक पद्धत आहे: बाहेर पडणाऱ्या गरम हवेच्या वाटेवर सोडियम कार्बोनेटचा लेप दिलेली नळी ठेवायची. क्रोमियमची वाफ लेपाला लागली की तिथेच सोडियम क्रोमेट होऊन अडकते. नंतर नळी पाण्याने धुवायची आणि पाण्यातलं क्रोमियम मोजायचं. फर्नेस बंद न करता नळी बदलता येते.

आम्ही अॅल्युमिनाच्या बारीक नळ्या घेतल्या, धुण्याचा सोडा नाही तर शुद्ध सोडियम कार्बोनेट पाण्यात घट्ट विरघळवून आत फिरवलं, ओव्हनमध्ये वाळवलं, परत फिरवलं. एकाच हाताने नीट लेप बसत नाही, खाली ओघळतो. तीन पातळ हात बरे. सोडियम कार्बोनेट ८५१ अंशांना वितळतं, म्हणून नळीचं तोंड फर्नेसच्या पाचशे-सहाशे अंशांच्या पट्ट्यात ठेवलं. हवेचा वेग आणि वेळ प्रत्येक वेळी तीच. एका वेळी एकच भाग आत.

८ ऑगस्ट

मोजणी झाली.

मला थर्मोकपलचा संशय होता, कारण ते सेलला लागून होतं. ते दुसऱ्या नंबरवर निघालं. पहिली आली हवेची एसएस ३१६ ची नळी, तीही मोठ्या फरकाने. नीट विचार केल्यावर कारण समजलं. सगळीच्या सगळी हवा त्या नळीच्या आतून जाते, आत जाताजाताच तापते आणि नळीची आतली भिंत थर्मोकपलच्या टोकापेक्षा कितीतरी मोठी आहे. सेलच्या तोंडावर क्रोमियमची वाफ सोडायला याहून चांगली मांडणी सापडणार नाही. डाग नळीकडच्याच कडेला का होता हेही त्यात आलं. नायक्रोमची तार किरकोळ.

पण सगळं काढून रिकामी अॅल्युमिना नळी चालवली, तरी आकडा शून्यावर आला नाही.

१० ऑगस्ट

रिकाम्या नळीचं कोडं आज सुटलं. ही नळी दुसऱ्या कामातून आलेली आहे. आधी तिच्यात क्रोमियम घातलेल्या फेराइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) नमुने भाजले जात. आमच्याकडच्या लॅबमध्ये फेराइटचं काम भरपूर चालतं आणि फर्नेस सगळ्यांची मिळून असते. मफल फर्नेसमधली अॅल्युमिनाची झाकणं उन्हात धरून बघितली, तर दोन झाकणांना फिकट गुलाबी छटा होती. माणकाला लाल रंग येतो तो अॅल्युमिनात शिरलेल्या क्रोमियमनेच. झाकण गुलाबी दिसलं की ती भांडी आणि ती फर्नेस फ्युएल सेलच्या सिरॅमिकसाठी वापरू नका. आत मुरलेलं क्रोमियम तापवून निघत नाही; आम्ही नळी १००० अंशांवर रात्रभर जाळून बघितली, आकडा थोडा उतरला एवढंच.

पावडर दळण्याबद्दलही इथेच सांगते. प्लॅनेटरी मिलच्या स्टीलच्या भांड्यात एलएससीएफ दळलं तर लोखंडाबरोबर क्रोमियमही उतरतं. आम्ही पहिल्यापासून झिर्कोनियाची भांडी वापरतो म्हणून वाचलो.

१२ ऑगस्ट

राहिलेला प्रश्न: हाच सेटअप मे महिन्यात शांत कसा होता?

कारण सोलापूरची हवा. मे मधल्या दुपारी ४१ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर हवेत पाण्याची वाफ साधारण सव्वा टक्का येते. जुलैत २७ अंश आणि ७५ टक्के, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या वर. ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या वाफेचा दाब पाण्याच्या वाफेच्या दाबाच्या सरळ प्रमाणात वाढतो. म्हणजे एकट्या पावसाळ्याने क्रोमियम दुपटीहून जास्त केलं. मे मध्ये ०.४० चा ०.४३ झाला तो आम्ही सोडून दिला, पण ती सुरुवात होती असं आता वाटतं.

फिश टँकचा पंप खोलीतली हवा ओढतो, त्यामुळे ऋतू थेट सेलपर्यंत पोचतो. हवामान खात्याची सापेक्ष आर्द्रता इथे कामाची नाही. तापमान घेऊन प्रत्यक्ष वाफेची टक्केवारी काढा आणि प्रत्येक मोजणीशेजारी लिहा. आधीच्या वहीत आम्ही ती लिहिलेली नाही, म्हणून जुन्या आकड्यांची तुलना आता करता येत नाही.

१७ ऑगस्ट

नवा सेटअप. सेलच्या आसपास, तीनशे अंशांच्या वरच्या कुठल्याही जागी, क्रोमियम असलेला धातू ठेवायचा नाही हा एकच नियम.

हवेच्या नळीचं सुटं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत होतं. तिथले लेथवाले मामा म्हणाले, "ताई, ३१६ जळत असेल तर ३१० ची करून देतो की. अकराशे डिग्रीला पण काय होत नाही त्याला."

"मामा, नळीला काही होत नाही हो, पण आतल्या सेलला होतं. ३१० मध्ये क्रोमियम अजून जास्त."

"मग स्टील नकोच म्हणा की."

तेच खरं. पोलाद ज्या क्रोमियाच्या कातडीमुळे टिकतं, त्याच कातडीतून सेलचं विष उडतं. ३१० मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आहे. मामांनी शेवटी पितळेचा जोड करून दिला, तो बाहेर थंड भागात राहतो आणि तिथून आत अॅल्युमिनाची नळी जाते. मजुरी साडेसहाशे. थर्मोकपलला एका बाजूने बंद अॅल्युमिनाचं आवरण घातलं आणि ते हवा बाहेर जाते त्या बाजूला हलवलं. तापमानात चार अंशांचा फरक पडतो, तो आधी रिकामा चालवून नोंदवून ठेवला.

चांदीच्या तारेचाही विचार बदलला. चांदी ऑक्सिजनच्या क्रियेत स्वतः भाग घेते आणि ७०० अंशांवर हळूहळू सरकतेही. क्रोमियमने होणारा बिघाड मोजताना असा दुसरा खेळाडू नको. सोनं गप्प बसतं. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरची कस्टम ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली, त्यामुळे शुद्ध सोनं ग्रॅमला सात हजारांच्या आसपास मिळालं. पाव मिलिमीटर जाडीची तार एक मीटर म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. सराफ बाजारात एका कारागिराने समोर बसून ओढून दिली. त्यांना दोनदा सांगावं लागलं की डाग (झाळ) नको, तांबं नको, चोवीस कॅरेटच हवी, मऊ राहिली तरी चालेल. दोन्ही बाजूंना चपट्या गुंडाळ्या केल्या. सेल संपल्यावर सोनं परत मिळतं, म्हणून हा खर्च मी खर्चात धरत नाही.

२७ ऑगस्ट

नवी अॅल्युमिना नळी आली आणि त्याच आठवड्यात गेली. साडेनऊ हजार रुपये.

रात्री लाइट गेली. फर्नेस निवत निवत साडेतीनशेवर आली. लाइट आल्यावर कंट्रोलरला ७०० चा सेट पॉइंट आठवत होता, त्याने पूर्ण पॉवर दिली. सकाळी नळीला आडवी चीर. अॅल्युमिनाला मिनिटाला तीन-चार अंशांपेक्षा जास्त वेग सोसत नाही, हे चढवताना पाळत होतो, पण लाइट परत आल्यावर काय होतं ते कुणी तपासलं नव्हतं.

पीआयडी कंट्रोलरमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती "थांबून राहा" वर ठेवा. फर्नेस थंड राहील, मोजणी वाया जाईल, नळी वाचेल. इम्पिडन्सच्या यंत्राला आणि पंपाला यूपीएस आधीपासून होता. फर्नेसला परवडत नाही.

दुसरी नळी मागवली. गणपती धरून वीस-बावीस दिवस जाणार.

२३ सप्टेंबर

नळी बसली. या वेळी आधी रिकामी मोजली: सोडियम कार्बोनेटच्या नळीतल्या पाण्याला अभिकारकाने रंग दिला नाही. कलरीमीटर कोऱ्या पाण्याइतकाच.

हवेचीही सोय केली. पंपानंतर हवा वाळवायला सिलिका जेलचा स्तंभ, मग ठरावीक वाफ देण्यासाठी ती पाण्यातून बुडबुड्यांनी नेणारा बबलर. निळी सिलिका गुलाबी झाली की १२० अंशांवर वाळवून परत. बबलर नुसता टेबलावर ठेवला तर दुपारी ३२ अंशांना हवेत पाच टक्के वाफ जाते, रात्री कमी. म्हणून तो थर्मोकोलच्या खोक्यात, २५ अंशांच्या पाण्यात. तीन टक्क्यांच्या थोडं वर वाफ मिळते आणि ती दिवसभर तेवढीच राहते.

१ ऑक्टोबर

नवा सेल, ओली हवा, ७०० अंश, शंभर तासांच्या वर. ०.३९ वरून ०.४१. सेलच्या पाण्याला रंग नाही.

सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात, आणि त्या हवेतही आलेख सपाट राहिला. बेसलाइन म्हणायची ती ही. मे महिन्यातले आकडे वहीत खोडून बाजूला कारण लिहिलं.

९ ऑक्टोबर

आता पत्रा. या कामासाठी खास केलेलं क्रोफर २२ एपीयू नावाचं पोलाद असतं. त्यात क्रोमियम २२ टक्के, पण सोबत थोडं मँगनीज, म्हणून वर मँगनीज-क्रोमियम स्पिनेलचा थर येतो आणि वाफ कमी उठते. आम्हाला इथे मिळणारं घ्यायचं होतं, म्हणून भांड्यांच्या पत्र्यातलं ४३०.

दुकानात पत्र्याला लोहचुंबक लावून "हे ४३० च" असं सांगतात. ४१० लाही चुंबक चिकटतं. एमआयडीसीतल्या भंगारच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे धातूत काय किती आहे ते सांगणारी, हातात धरायची एक्सआरएफ गन असते. एकाने चहा पाजून फुकट तपासून दिलं. पहिल्या तुकड्यात क्रोमियम तेराच्याही खाली निघालं, तो परत केला. दुसऱ्यात साडेसोळा. हा ४३०.

उघडा पत्रा सेलच्या वर, मध्ये अॅल्युमिनाचे कडे, कुठेही स्पर्श नाही. पन्नास तासांत रेझिस्टन्स दीडपट. कडेला तोच पिवळा डाग, पाणी जांभळं. पहिल्यांदाच हा डाग बघून बरं वाटलं, कारण तो कुठून आला हे माहीत होतं.

१९ ऑक्टोबर

लेपाचे पहिले तुकडे फसले. मँगनीज आणि कोबाल्ट समसमान असलेल्या स्पिनेलची पावडर, पॉलिव्हिनाइल ब्युटिराल आणि इथेनॉलमध्ये, एअरब्रशने फवारून थेट हवेत ९०० अंशांवर भाजली. लेप सच्छिद्र राहिला. क्रोमियम निम्म्यावर आलं, एवढंच. त्यातच दोन तुकड्यांचे कोपरे सोलून निघाले.

सोलण्याचं कारण कोपऱ्यात होतं. कातरीने कापलेल्या पत्र्याला धारदार कड राहते, तिथे लेप पातळ बसतो आणि थंड होताना आधी तोच सुटतो. आता कडा पॉलिश पेपरने गोल करतो, पत्रा अॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिकला ठेवतो आणि कडेवर ब्रशने वेगळा हात देतो. कापलेली कड उघडी राहिली तर मधल्या लेपाचा उपयोग अर्धा होतो, हे सोडियम कार्बोनेटच्या नळीने स्पष्ट दाखवलं.

सच्छिद्रतेसाठी आधी हायड्रोजनमध्ये भाजावं लागतं. तिथे स्पिनेल फुटून कोबाल्ट धातू आणि मँगनीज ऑक्साइड होतं. मग हवेत तापवलं की ते परत स्पिनेल होताना फुगतं आणि भोकं बुजतात. शुद्ध हायड्रोजनची परवानगी आमच्या लॅबला नाही. नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजन असलेलं सिलेंडर घेतलं. गॅस, डिपॉझिट आणि वाहतूक मिळून साडेअकरा हजार. ८५० अंशांवर चार तास, मग हवेत ८०० वर दहा तास.

२८ ऑक्टोबर

दोन पायऱ्यांत भाजलेला लेप हिरवट-काळा, घट्ट, नखाने निघत नाही. क्रोमियम उघड्या पत्र्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शून्य नाही. लांब मोजणी दिवाळीच्या सुट्टीत लावतेय. लॅबमध्ये इतर कुणाची फर्नेस चालू नसते आणि फेराइटवाल्यांनीही भट्टी मागितलेली नाही.

११ नोव्हेंबर

दिवाळीतली मोजणी पूर्ण, लाइट एकदाही गेली नाही. लेप दिलेल्या पत्र्याखालचा सेल दोनशे तासांत ०.४० वरून ०.४७ वर गेला. स्वच्छ बेसलाइनपेक्षा जास्त, उघड्या पत्र्यापेक्षा खूप कमी. पाण्याला फिकट गुलाबी रंग. डाग डोळ्याला दिसत नाही. थंड-गरम फेऱ्यांत लेप किती टिकतो हे अजून बघायचंय, आणि पत्र्यातून वीज वाहत असतानाचंही. तोवर "चालतो" असं मी लिहिणार नाही.

साठलेलं क्रोमियमचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आमच्या बाटलीतलं पाणी त्याच्या कितीतरी पुढे. पाणी आम्लधर्मी करून, सामू दोन-तीनवर आणून, सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं. पिवळा रंग जाऊन हिरवट झाला म्हणजे क्रोमियम तीन संयुजेत आलं. परत डायफिनाइल कार्बाझाइडने तपासलं, रंग नाही. मग चुन्याने सामू साडेआठवर आणला, हिरवा साका खाली बसला. तो वाळवून, चिठ्ठी लावून घातक कचऱ्याच्या डब्यात ठेवलाय.

पुढचा सेल आजच चढवला. बबलर २५ अंश, सिलिका निळी, कंट्रोलर "थांबून राहा" वर.